कॅमेऱ्याच्या फाइलवरून मोजमाप : अडचणी, कारणे आणि उपाय

दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात कॅमेरा बसवणे ही आता चैन राहिलेली नाही. छोट्या किराणा दुकानापासून यंत्रमागाच्या शेडपर्यंत सर्वत्र चार-आठ कॅमेरे आणि एक रेकॉर्डर दिसतो. आतापर्यंत त्याचा उपयोग "कोण आले, कोण गेले" एवढाच पाहण्यासाठी होत असे. अलीकडे मात्र आपले व्यापारी आणि कारखानदार एक पाऊल पुढे गेले आहेत. समोरच्या रस्त्यावर टेम्पोने हातगाडीला धडक दिली, तर टेम्पोचा वेग किती होता? बेकरीत एक ट्रे भट्टीपर्यंत जायला किती वेळ लागतो? मागाचा धोटा मिनिटाला किती फेऱ्या मारतो? अशा प्रश्नांची उत्तरे कॅमेऱ्याच्या फाइलवरून काढता येतात. त्यासाठी चालीचे विश्लेषण करणारी सॉफ्टवेअरे मिळतात. त्यांपैकी "किनोव्हिआ" हे खेळाडूंच्या सरावासाठी तयार झालेले आणि "ट्रॅकर" हे भौतिकशास्त्र शिकवण्यासाठी तयार झालेले सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहे.

परंतु ज्यांनी हा प्रयोग करून पाहिला त्यांना दोन प्रकारचे अनुभव येतात. एक तर फाइल उघडतच नाही. किंवा फाइल उघडते, आकडाही निघतो, पण तो आकडा खोटा असतो. पहिल्या अडचणीने फक्त वेळ जातो. दुसरीने मात्र एखाद्या गरीब चालकावर दुप्पट वेगाचा आरोप येऊ शकतो किंवा कारागिराची मजुरी कापली जाऊ शकते. म्हणून या लेखात दोन्ही अडचणी क्रमाने पाहू. वाचकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी : सॉफ्टवेअर स्वतः काहीही पाहत नाही. आपण दिलेल्या फाइलमधील वेळ आणि आकार बरोबर आहे असे धरून ते हिशेब करते. तराजूच खोटा असेल तर वजन करणारा कितीही इमानदार असला तरी माप चुकणारच.

मोजणी कशी होते?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. भारतात कॅमेरे साधारणपणे सेकंदाला २५ फ्रेम घेऊ शकतात. म्हणजे दोन फ्रेममध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजेच ४० मिलिसेकंद एवढे अंतर असते. मात्र हार्ड डिस्कची जागा वाचावी म्हणून बसवणारे तंत्रज्ञ अनेकदा ही संख्या १५, १२ किंवा त्याहूनही कमी ठेवतात. चोर ओळखायला तेवढे पुरते. वेग मोजायला पुरतेच असे नाही.

वेग काढताना सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी लागतात. वस्तू किती अंतर गेली आणि त्यासाठी किती वेळ लागला. अंतर आपण दाखवतो. चित्रातील एखादी माहीत असलेली लांबी, उदाहरणार्थ दुकानाच्या शटरची रुंदी, आखून "ही इतके मीटर आहे" असे सांगतो. वेळ मात्र सॉफ्टवेअर फ्रेम मोजून काढते. म्हणून चुका होण्याच्या जागाही दोनच आहेत : वेळ आणि आकार. पण तेथपर्यंत पोहोचण्याआधी फाइल उघडली पाहिजे.

पहिली अडचण : फाइल उघडत नाही

व्हिडिओ फाइल म्हणजे डबा आणि त्यातील माल, असे समजावे. डबा म्हणजे फाइलचा प्रकार; एमपी४, एव्हीआय वगैरे. माल म्हणजे आत दाबून भरलेली चित्रे. चित्रे दाबण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. सध्या रेकॉर्डरमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ या दोन रीती चालतात. एच.२६४ ही २००३ साली मान्य झाली, तर एच.२६५ ही २०१३ साली. एच.२६५ मध्ये तेवढेच चित्र कमी जागेत मावते, पण ते उलगडायला संगणकाला जास्त मेहनत पडते आणि जुन्या सॉफ्टवेअरांना ती रीत समजत नाही.

आता रोगनिदान करू.

(१) *डबा अनोळखी आहे.* दाहुआ कंपनीच्या रेकॉर्डरमधून "डीएव्ही" नावाच्या फाइली निघतात. हा त्यांचा स्वतःचा डबा आहे. हिकव्हिजनच्या अनेक रेकॉर्डरच्या फाइलींचे नाव एमपी४ असते, पण आतील मांडणी नेहमीच्या एमपी४ सारखी नसते. नावाची पाटी बदलून डबा बदलत नाही. त्यामुळे फाइलचे नाव हाताने बदलून काही साध्य होत नाही. उपाय असा : शक्य असेल तर रेकॉर्डरवरूनच फाइल पुन्हा काढावी आणि काढताना एमपी४ किंवा एव्हीआय असा पर्याय मिळतो का ते पाहावे. नसेल तर त्या कंपनीचा स्वतःचा प्लेअर वापरावा. दाहुआचा स्मार्टप्लेअर आणि हिकव्हिजनचा व्हीएसप्लेअर मोफत मिळतात.

(२) *माल अनोळखी आहे.* डबा उघडतो, आवाज येतो, पण चित्र काळे दिसते. येथे बहुधा एच.२६५ असतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरलाही त्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. "मीडियाइन्फो" नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर फाइलमध्ये काय आहे ते दाखवते : डबा कोणता, कोडेक कोणता, लांबी-रुंदी किती, सेकंदाला फ्रेम किती आणि त्या सारख्या अंतराने आहेत की कमी-जास्त अंतराने. डॉक्टर आधी नाडी पाहतो, त्याप्रमाणे कोणताही उपाय करण्याआधी हे पाहावे आणि कागदावर टिपून ठेवावे.

(३) *फाइल अर्धवट आहे.* एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कोणती फ्रेम कोठे आहे याची ती यादी असते आणि बऱ्याचदा ती सर्वांत शेवटी लिहिली जाते. फाइल पेन ड्राइव्हवर उतरत असताना वीज गेली किंवा घाईने पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. मग फाइल मोठी दिसते, पण उघडत नाही. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे रेकॉर्डरवरून ती पुन्हा काढणे. रेकॉर्डरवरील चित्रण पुसले गेले असेल, तर "अनट्रंक" सारखे सॉफ्टवेअर त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली फाइल नमुन्याला घेऊन तुटलेली फाइल काही वेळा दुरुस्त करू शकते. मात्र असा प्रयोग नेहमी नकलेवर करावा.

(४) *फाइल फार मोठी आहे.* जुन्या पद्धतीने, म्हणजे एफएटी३२ या रीतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. त्यामुळे रेकॉर्डर तुकडे करतो किंवा काम मध्येच थांबवतो. तुकडे झाले असतील, तर ज्या मिनिटाची घटना हवी आहे तेवढाच तुकडा घ्यावा. सगळे तुकडे जोडण्याचा उद्योग करू नये.

रूपांतर करताना घ्यायची काळजी

फाइल सॉफ्टवेअरला समजत नसेल तर रूपांतर करावेच लागते. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत माल तसाच ठेवून फक्त डबा बदलतात. "एफएफएमपेग" आणि "एव्हिडेमक्स" या मोफत सॉफ्टवेअरांत "कॉपी" हा पर्याय त्यासाठीच आहे. यात चित्राचा दर्जा घसरत नाही आणि काम काही सेकंदांत होते. दुसऱ्या पद्धतीत माल बाहेर काढून पुन्हा दाबून भरतात. "हँडब्रेक" हे सॉफ्टवेअर असेच काम करते. यात बारीक तपशील पुसट होतात आणि फ्रेमच्या वेळाही बदलू शकतात. म्हणून आधी पहिली पद्धत वापरावी; ती चालली नाही तरच दुसरी. दुसरी वापरताना फ्रेमची संख्या मूळ फाइलइतकीच राहील हे पाहावे.

फाइल उघडते, पण एखाद्या क्षणावर नेमके जाता येत नाही, चित्र राखाडी होते किंवा चौकोन चौकोन फाटते, अशीही तक्रार असते. त्याचे कारण असे. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधून मधून एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि तिच्यानंतर फक्त "काय बदलले" एवढेच लिहितो. सेकंदाला २५ फ्रेम असतील आणि दर ५० व्या फ्रेमला पूर्ण चित्र असेल, तर दोन पूर्ण चित्रांमध्ये २ सेकंदांचे अंतर पडते. जागा वाचवणाऱ्या "स्मार्ट" पद्धतीत ते आणखी वाढते. मधल्याच फ्रेमवर उडी मारली की सॉफ्टवेअर गोंधळते. उपाय : घटनेच्या पाच-दहा सेकंद आधीपासून फाइल घ्यावी आणि एकेक फ्रेम पुढे सरकत जावे. पुढील काळासाठी रेकॉर्डरमधील "स्मार्ट" किंवा "प्लस" नावाची बचत बंद करावी आणि पूर्ण चित्रांमधील अंतर कमी ठेवावे.

दुसरी अडचण : वेळ चुकतो

आता खऱ्या धोक्याकडे वळू. कारण येथे सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता चुकीचा आकडा देते.

काही रेकॉर्डरमधून निघणाऱ्या फाइलींत फक्त चित्रांची ओळ असते. कोणते चित्र कोणत्या क्षणी घेतले याची नोंद नसते. अशी उघडी फाइल एफएफएमपेगमध्ये टाकली आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते सेकंदाला २५ फ्रेम असे धरून चालते. प्रत्यक्षात रेकॉर्डर १२.५ फ्रेमवर चालत असेल तर काय होईल ते उदाहरणाने पाहू.

समजा, दुकानासमोर ५ मीटर अंतरावर दोन खुणा आहेत. टेम्पो एका खुणेपासून दुसरीपर्यंत जाताना ६ फ्रेमचे अंतर पडले. सेकंदाला १२.५ फ्रेम या खऱ्या हिशेबाने वेळ झाला ०.४८ सेकंद आणि वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर. तीच फाइल २५ फ्रेमची समजली, तर वेळ ०.२४ सेकंद आणि वेग ताशी ७५ किलोमीटर! गल्लीत जपून चालवणारा माणूस कागदावर बेदरकार ठरला. चित्रात काहीही बदललेले नाही; फक्त वेळेचे माप अर्धे झाले.

ही चूक पकडण्याची सोपी युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या चित्रावर कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ उमटलेले असते. सेकंदाचा आकडा बदलतो ती फ्रेम पकडावी आणि तेथून १० सेकंद पूर्ण होईपर्यंत फ्रेम मोजाव्यात. १२५ आल्या तर सेकंदाला १२.५. २५० आल्या तर २५. हा आकडा सॉफ्टवेअरने धरलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला किती फ्रेम हा आकडा हाताने दुरुस्त करावा. किनोव्हिआ आणि ट्रॅकर दोन्हींत ती सोय आहे.

मोजताना कधी एका सेकंदात १० तर दुसऱ्यात १५ फ्रेम आल्या, तर त्याचा अर्थ फ्रेम कमी-जास्त अंतराने घेतल्या आहेत. नेटवर्कवर भार आला, वायरलेस कॅमेऱ्याचा सिग्नल घसरला किंवा अंधार वाढला की असे होते. सॉफ्टवेअर सरळ भागाकार करून सर्व अंतरे सारखी समजते आणि तेथे फसगत होते. अशा फाइलवर एका-दोन फ्रेमच्या आधारे वेग कधीही काढू नये.

याशिवाय फ्रेममागे एक अटळ चूक असते. गाडीने खूण नेमकी कोणत्या क्षणी ओलांडली हे दोन फ्रेमच्या मधले असल्याने दिसत नाही. वरील उदाहरणात ६ ऐवजी ५ किंवा ७ फ्रेम धरल्या तर उत्तर ताशी ४५ पासून ३२ किलोमीटरपर्यंत बदलते. म्हणजे "वेग ३७ होता" असे म्हणणे चूक. "३२ ते ४५ च्या दरम्यान होता" असे म्हणणे बरोबर. अंतर ५ ऐवजी २० मीटर घेतले तर २४ फ्रेम मिळतात आणि एका फ्रेमच्या चुकीने उत्तर ३६ ते ३९ च्या आतच राहते. म्हणून मोजायचे अंतर जितके लांब घेता येईल तितके घ्यावे.

यंत्राची गती मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. धोटा मिनिटाला १५० वेळा जात असेल तर सेकंदाला अडीच वेळा झाला. २५ फ्रेमच्या फाइलमध्ये प्रत्येक फेरीला १० फ्रेम मिळतात. मोजणी नीट होते. पण शिलाई मशीन मिनिटाला ३००० टाके घालत असेल तर सुई सेकंदाला ५० वेळा खाली-वर होते. दोन फ्रेममध्ये तिच्या बरोबर दोन फेऱ्या पूर्ण होतात आणि चित्रात सुई जागेवर थांबल्यासारखी दिसते! त्यामुळे एका फेरीत दोनपेक्षा जास्त फ्रेम मिळत नसतील, तर त्या कामासाठी हा कॅमेरा उपयोगाचा नाही.

तिसरी अडचण : आकार चुकतो

बऱ्याच रेकॉर्डरवर "१०८०एन" किंवा "१०८० लाइट" असे लिहिलेले असते. खऱ्या १०८० च्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. या हलक्या प्रकारात आडवे ठिपके फक्त ९६० साठवले जातात आणि दाखवताना चित्र रुंदीला दुप्पट ताणले जाते. रेकॉर्डरच्या पडद्यावर सर्व ठीक दिसते. तीच फाइल विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये न ताणता उघडली की माणसे बारीक आणि उंच दिसतात, गाडीचे चाक उभ्या अंड्यासारखे दिसते. उभी लांबी दाखवून माप लावले आणि आडवी चाल मोजली, तर वेग निम्माच येतो. उपाय : सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे प्रमाण १६ : ९ असे निवडावे. नंतर एक आडवी आणि एक उभी अशा दोन माहीत असलेल्या लांबी मोजून दोन्ही बरोबर येतात का ते पाहावे.

दुसरी चूक भिंगाची. दुकानातील कॅमेऱ्याला सहसा रुंद दृश्य घेणारे भिंग असते. त्यामुळे चित्राच्या कडेला सरळ शटरही वाकलेले दिसते. मोजणी शक्यतो चित्राच्या मधल्या भागात करावी.

तिसरी चूक सर्वांत सामान्य आहे. कॅमेरा उंचावर असतो आणि तिरका पाहतो. त्यामुळे जवळचा एक मीटर मोठा आणि लांबचा एक मीटर लहान दिसतो. एका रेषेवरून सगळ्या चित्राचे माप लावले तर हिशेब चुकतो. किनोव्हिआमध्ये जमिनीवर चार कोपऱ्यांचा चौकोन मांडून त्याची खरी लांबी-रुंदी देता येते. मग सॉफ्टवेअर तिरकेपणाचा हिशेब स्वतः करते. दुकानासमोर असा चौकोन टेपने मोजून घ्यावा. ध्यानात ठेवावे की हे माप फक्त जमिनीवर लागू पडते. म्हणून खूण लावताना टायर जमिनीला टेकतो तो बिंदू धरावा. गाडीचे टप किंवा माणसाचे डोके धरू नये.

रात्रीच्या चित्रणात आणखी एक अडचण येते. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ प्रकाश घेतो. तो वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग असेल, तर ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे सरकते आणि चित्रात तेवढीच पसरलेली दिसते. अशा वेळी दर फ्रेमला गाडीची एकच कड, पुढची किंवा मागची, धरून चालावे.

जे फाइलमध्ये नाही, ते घडले नाही असे नव्हे

आता कारागिरांच्या रोजीशी निगडित असलेली गोष्ट. पुष्कळ रेकॉर्डर हालचाल झाली तरच चित्रण करतात. चित्रात ठराविक प्रमाणात बदल झाला तर रेकॉर्डर जागा होतो, नाहीतर झोपतो. आता अड्ड्यावर बसून जरीकाम करणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा. तो तासन्‌तास एकाच जागी बसतो. हलतात ती फक्त त्याची बोटे आणि सुई. उंचावरच्या कॅमेऱ्याला एवढी बारीक हालचाल जाणवत नाही. फाइलमध्ये मात्र तो पाणी प्यायला उठला, बोलला, बाहेर गेला तेवढेच दिसते! ज्या वेळी त्याने सर्वांत एकाग्रतेने काम केले, नेमका तोच वेळ गायब होतो. असे चित्रण पाहून "हा माणूस काम कमी करतो" असा निष्कर्ष काढला तर तो सरळ अन्याय ठरेल.

याची ओळख अशी. फाइलची लांबी आणि चित्रावरचे घड्याळ यांची तुलना करावी. घड्याळाप्रमाणे तीन तास गेले आणि फाइल एक तास पन्नास मिनिटांचीच आहे, तर मधला वेळ चित्रित झालेलाच नाही. कामाचा अभ्यास करायचा असेल तर रेकॉर्डर सलग चित्रणावर ठेवावा आणि त्याची कल्पना कारागिरांना आधी द्यावी. मोजणीचे आकडे त्यांनाही दाखवावेत. कामाची अडचण कोठे आहे हे कारागिरालाच अधिक ठाऊक असते आणि पुष्कळदा दोष त्याच्या हाताचा नसून साहित्य दूर ठेवल्याचा असतो.

मूळ फाइल ही अमानत

प्रकरण पोलिसांत, विमा कंपनीकडे किंवा कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्रातीलच एक प्रकरण या बाबतीत देशभर मार्गदर्शक ठरले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, असा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर तो वाद येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्र न्यायालयात हजर न करता त्यातील नक्कल पुराव्यात द्यायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे त्यात स्पष्ट झाले. त्या वेळी ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ६५ ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला असून ही तरतूद आता त्यातील कलम ६३ मध्ये आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा "हॅश" आकडाही लिहावा लागतो.

हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजावा. एसएचए-२५६ या पद्धतीने प्रत्येक फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा निघतो. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. विंडोजमध्ये हा ठसा काढण्याची सोय आधीपासून असते. फाइल रेकॉर्डरवरून उतरल्याबरोबर, तिला हात लावण्यापूर्वी, ठसा काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवावा.

म्हणून नियम एकच. रेकॉर्डरने जशी दिली तशी फाइल एका जागी जपून ठेवावी. रूपांतर, कापाकापी, उजेड वाढवणे हे सर्व नकलेवर करावे. पडद्यासमोर मोबाइल धरून घेतलेले चित्रण मोजमापासाठी निरुपयोगी असते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. पाठवणे भागच असेल तर ती "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावी. मोबाइलच्या ॲपवरून उतरवताना पुष्कळदा हलक्या दर्जाचे चित्रण मिळते, हेही ध्यानात असावे.

आणि हे सर्व वेळेत करावे. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट या दराने सलग चित्रण करत असतील तर दिवसाला सुमारे ८६ जीबी जागा लागते. म्हणजे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग रेकॉर्डर जुने चित्रण पुसून नवे लिहितो. पंधरा दिवसांनी "कॅमेऱ्यात असेल" म्हणून गेल्यास हाती काही लागत नाही.

कामाचा क्रम

वाचकांच्या सोयीसाठी सर्व पायऱ्या एकत्र देत आहोत. हा क्रम कापून रेकॉर्डरजवळ लावून ठेवल्यास हरकत नाही.

१. घटना घडताच रेकॉर्डरचे घड्याळ आणि मोबाइलचे घड्याळ यांतील फरक लिहून ठेवावा.

२. घटनेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे धरून, मोठ्या दर्जाची फाइल रेकॉर्डरवरूनच पेन ड्राइव्हवर उतरवावी. काम पूर्ण झाल्याशिवाय पेन ड्राइव्ह काढू नये.

३. ठसा काढावा. मूळ फाइल बाजूला ठेवून नक्कल करावी.

४. मीडियाइन्फोने डबा, कोडेक, लांबी-रुंदी आणि फ्रेमची संख्या पाहावी.

५. गरज असल्यास फक्त डबा बदलावा.

६. चित्रावरील घड्याळाने १० सेकंदांच्या फ्रेम मोजाव्यात.

७. आडवी आणि उभी लांबी टेपच्या मापाशी ताडून पाहावी.

८. उत्तर एका आकड्यात नव्हे, "इतके ते इतके" असे लिहावे.

९. शेवटी पडताळा घ्यावा. त्याच जागेवरून ओळखीच्या माणसाला ठराविक वेगाने दुचाकी चालवायला सांगावी आणि त्याच कॅमेऱ्याच्या फाइलवरून वेग काढून पाहावा. तो जुळला तरच आपल्या पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवावा.

नवव्या पायरीला अर्धा तास लागतो आणि पुष्कळ जण ती टाळतात. पण दुकानदार नवा काटा आणतो तेव्हा आधी प्रमाणित वजन ठेवून तो तपासतो, मगच माल तोलतो. कॅमेऱ्याच्या फाइलवरून काढलेल्या आकड्यावर कोणाचा परवाना, कोणाची भरपाई, कोणाची मजुरी अवलंबून असेल, तर तेथेही तोच रिवाज पाळला पाहिजे. ज्यांना हे सर्व स्वतः करणे जमत नसेल त्यांनी निदान पहिल्या तीन पायऱ्या कराव्यात. मूळ फाइल शाबूत असेल तर मोजणारा जाणकार पुढे केव्हाही मिळू शकतो.